जुनी डीव्हीडी, नवा टीव्ही आणि पाचपट ठिपके

घरात एचडी टीव्ही आला की जुन्या डीव्हीडींचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. दुकानदार ‘अपकन्व्हर्टिंग’ प्लेयर पुढे करतो आणि म्हणतो, जुनी डीव्हीडी एचडी होईल. तसं खरंच होतं का? त्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तेव्हा घरोघरी काचेच्या नळीचे जाडजूड टीव्ही होते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ५७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ७२० ठिपके असतात, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. हिशेब केला तर बरोबर पाचपट! म्हणजे पाचांतले चार ठिपके यंत्राने शेजारचे ठिपके पाहून अंदाजाने भरायचे. यालाच अपकन्व्हर्टिंग म्हणतात.

चपट्या पडद्याचे ठिपके ठरलेले असल्यामुळे हे काम एचडी टीव्ही स्वतःही करतोच. प्रश्न इतकाच की दोघांपैकी ते नीट कोण करतं.

२००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आलं आणि चित्र एकाच केबलमधून अंकांच्याच रूपात टीव्हीपर्यंत जाऊ लागलं. नकला होतील या भीतीने चित्रपट कंपन्यांनी अटही घातली होती, की कुलूपबंद डीव्हीडीचं मोठं केलेलं चित्र सुरक्षित एचडीएमआयमधूनच बाहेर पडावं. म्हणून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लावून अपकन्व्हर्टिंगचा फायदा मिळत नाही.

२००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केली आणि ब्लू-रे जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोशिबाने एक्सडी-ई५०० हा अपकन्व्हर्टिंग डीव्हीडी प्लेयर आणला. लोकांच्या कपाटात साठलेल्या डीव्हीडी काही एका रात्रीत जाणार नव्हत्या! ब्लू-रे प्लेयरही डीव्हीडी लावतात आणि चित्र मोठं करतात, त्यामुळे तोही पर्याय पाहावा.

निवडताना घरचीच डीव्हीडी दुकानात न्यावी. लग्नाच्या चित्रणात आधी एकाआड एक ओळी येतात, मग उरलेल्या. त्या नीट जुळल्या नाहीत तर अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. तोच प्रसंग एकदा प्लेयर ५७६ वर ठेवून आणि एकदा १०८० वर ठेवून पाहा. फरक दिसला नाही, तर जास्तीचे पैसे कशाला? चेहरे आडवे फुगलेले दिसले, तर यंत्राला दोष देण्याआधी ४:३ ची सेटिंग तपासा.

माझे सासरे आता नाहीत. त्यांचं चालणं, बोलणं एकाच डीव्हीडीत उरलं आहे. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते कुठलाही प्लेयर आणून देणार नाही. शिवाय फोटोवाल्याने भरून दिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने खराब होतो, आणि ती गेली की पाचपट काय, एक ठिपकाही हाती लागत नाही. घरच्या डीव्हीडीला सहसा कुलूप नसतं. म्हणून आधी तिची प्रत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, एक प्रत नणंदेच्या किंवा जावेच्या घरी ठेवा, आणि मगच प्लेयर घ्यायला बाहेर पडा.