रे, लॉर्ड (डॉनल्ड जेम्स मॅके)

(२२ डिसेंबर १८३९ – १ ऑगस्ट १९२१). मुंबई इलाख्याचे गव्हर्नर (१८८५–९०). मॅके हे उत्तर स्कॉटलंडमधील जुने सरदार घराणे. त्याची एक शाखा डच सैन्याच्या चाकरीत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या हॉलंडमध्येच राहिली. डॉनल्ड यांचा जन्म हेगचा, शिक्षण लायडन विद्यापीठातले. डच संसदेचे सभासद म्हणूनही त्यांनी काम केले. स्कॉटलंडमधील थोरली शाखा खुंटल्यावर उमरावपद या घराण्याकडे आले आणि १८७६ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर ते अकरावे लॉर्ड रे झाले. ब्रिटिश नागरिकत्व त्यांना १८७७ मध्ये मिळाले. त्यानंतर आठच वर्षांनी मुंबई इलाखा त्यांच्या हाती आला.

पहिल्याच वर्षी त्यांनी दादाभाई नौरोजींना कायदेमंडळावर नेमले. त्याच डिसेंबरात मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद रे यांनी स्वीकारावे, असा काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांचा विचार होता. व्हाइसरॉय डफरिन यांना तो पसंत पडला नाही. तांत्रिक शिक्षणाबद्दल रे यांना मनापासून आस्था होती. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, त्यांच्याच कारकिर्दीत १८८७ मध्ये भायखळ्याला स्थापन झाले. पुण्याच्या घोले रस्त्यावरील महात्मा फुले वस्तुसंग्रहालय पूर्वी त्यांच्या नावाने ओळखले जाई.

त्यांची खरी कसोटी लागली ती क्रॉफर्ड प्रकरणात. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड (क्रॉफर्ड मार्केट यांच्याच नावाचे) या वेळी मध्य विभागाचे कमिशनर होते. त्यांच्या कारभारात बढतीला आणि सोयीच्या तालुक्यात बदलीला पैसे मोजावे लागतात, ही कुजबुज जुनी होती. पैसे पोहोचत ते हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत. रे यांनी १८८८ मध्ये क्रॉफर्डना निलंबित करून चौकशी आयोग नेमला. पैसे दिल्याचे कबूल करून साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले. एवढ्या बड्या गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध तोंड उघडायला मामलेदार एरवी धजावलेच नसते.

आयोगाने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्डना मोकळे केले, मात्र हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष ठेवला. तेवढ्यावरही त्यांना नोकरी सोडावी लागली. मग गदारोळ उठला तो मामलेदारांवर: स्वतः लाच दिल्याचे कबूल करणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर कसे राहू द्यायचे? विलायतेतून दबाव आला आणि दिलेला शब्द पुरता पाळला गेला नाही. १८८९ मध्ये खास कायदा करून त्यांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले, तरी काहींच्या नोकऱ्या गेल्याच. पुण्यात टिळकांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली, आणि ती न्याय्यच होती. सरकारच्या वचनावर विसंबून पुढे आलेल्यांनाच बळी देण्यात आले. रे यांनी चौकशीला हात घातला हे धैर्याचे काम, पण शब्द शेवटपर्यंत निभावण्याइतकी सत्ता गव्हर्नरच्या हाती नव्हती.

१८९० मध्ये लॉर्ड हॅरिस त्यांच्या जागी आले. मायदेशी रे काही काळ भारतखात्याचे उपमंत्री होते. पुढे लंडन स्कूल बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि १९०२ मध्ये ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष. त्यांना अपत्य नव्हते; उमरावपद पुन्हा डच शाखेतील नातलगाकडे गेले. मुंबईच्या हार्बर मार्गावरील रे रोड स्थानक त्यांच्याच नावाचे आहे.