मांडणी बदलली, डाव फिरला

निवडणुकीत मागे पडलेला उमेदवार बहुधा सभा वाढवितो, आवाज चढवितो. परंतु गमावलेला पुढाकार आवाजाने परत येत नाही. त्यासाठी लढतीची मांडणीच बदलावी लागते. मोर्णाकाठच्या जुन्या शहरासह अवघ्या अकोला मतदारसंघाने 1998 साली हे पाहिले.

1989, 1991 आणि 1996 या तीनही लोकसभा निवडणुकांत येथून भारतीय जनता पक्षाचे पांडुरंग फुंडकर विजयी झाले होते. प्रकाश आंबेडकरांनी दलितांबरोबर इतर मागासवर्गीय समाजांची मोट बांधली होती. ‘अकोला पॅटर्न’ म्हणून ती नावाजली. तरी तेवढ्या बळावर लोकसभा हाती येईना. 1998 मध्ये शरद पवारांच्या पुढाकाराने काँग्रेस आणि रिपब्लिकन नेते एकत्र आले. विखुरलेली मते एका बाजूस आली आणि आंबेडकर निवडून आले. अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे व उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले हेही जिंकले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून. राज्यातील 48 जागांपैकी 1996 मध्ये 15 जिंकणारी काँग्रेस 33 वर पोहोचली.

1999 मध्ये आंबेडकर पुन्हा विजयी झाले. 2004 पासून मात्र अकोला भाजपकडेच राहिला. 2024 मध्ये काँग्रेस आणि आंबेडकर वेगवेगळे लढले. दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराहून अधिक भरली, पण जागा दोघांनाही मिळाली नाही. संख्येने लहान असलेल्या प्रत्येक समाजाने ही बेरीज एकदा स्वतः मांडून पाहावी.