घूण, लाकूड आणि विष

जुन्या पाटाखालीं सकाळीं पिठासारखा बारीक भुसा सांडलेला दिसला, कीं घरांतील वडील बाई म्हणते, "ह्याला घूण लागला." मग भोंकांवर रॉकेलचा बोळा फिरविला जातो. परंतु भुंग्याची मादी लाकडाच्या रंध्रांत अंडीं घालते, अळी महिनेच्या महिने आंत पोखरीत राहते, आणि भोंक पडतें तें किडा बाहेर निघतांना. तेव्हां हा बोळा म्हणजे वरातीमागून घोडें!

ह्या घुणाचें अन्न म्हणजे लाकडांतला पिष्टांश. सालीलगतच्या फिकट लाकडांत तो पुष्कळ असतो, गाभ्यांत जवळजवळ नसतो. आपल्या जुन्या सुतारांना पिष्टांश ठाऊक नसेल. गाभा मात्र पक्का ठाऊक होता. आमच्या मानपाड्यामागें येऊरचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे कान्हेरी. तेथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे. त्याच कल्याणाहून बोरघाट चढून गेलें, कीं कार्ल्याचें चैत्यगृह लागतें. त्याच्या छताला बसविलेल्या सागवानी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. सागाच्या गाभ्यांतलीं तेलकट द्रव्यें किड्यांना व वाळवीला मानवत नाहींत. लेण्याचें दार करणाऱ्या, धेनुकाकटच्या सामी नांवाच्या सुताराचा तेथें कोरीव लेख आहे. राजांच्या सनावळ्या आम्हीं मास्तरांनीं पुष्कळ घोकून घेतल्या. सुताराचें नांव परीक्षेंत कोण विचारतो?

पण सर्वच कामें सागाचीं होत नाहींत. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा लागतो. तो हलका, मऊ, कातावयास सोपा; आणि किड्यालाहि तितकाच गोड. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंध्रें बुजतात व मादीला अंडीं घालावयास जागा उरत नाहीं. अळी आधींच आंत असेल, तर मात्र ती लाखेला भीक घालीत नाहीं. बांबू कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवण्याची रीत निराळी, पण हेतु तोच. तींत किड्याला मारावयाचें नसतें, त्याचें अन्न काढून घ्यावयाचें असतें.

विषाचें युग पुढें आलें. १८३८ सालीं इंग्लंडांत जॉन बेथेल ह्यानें डांबरी तेल दाबानें लाकडांत भरण्याचें पेटंट घेतलें. १९३३ सालीं देहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् ह्यांनीं तांबें, क्रोमियम व सोमल ह्यांच्या क्षारांचें मिश्रण सिद्ध केलें. तांब्यानें बुरशी मरते, सोमलानें किडे मरतात आणि क्रोमियम दोघांना लाकडांत घट्ट धरून ठेवतें. हें मिश्रण जगभर गेलें. खांब आणि स्लीपर त्यानें दीर्घायुषी झाले. एका भारतीय शास्त्रज्ञाचा हा विजय आपल्या घरांत फारसा कोणास माहीत नाहीं, ह्याचें मला नवल वाटतें. पण सोमल तो सोमलच. २००३ च्या अखेरीस अमेरिकेंत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडांसाठीं त्याचा उपयोग थांबविण्यांत आला. खेळणें तर मूल सरळ तोंडांत घालतें!

तेथें उष्णता कामाला येते. परदेशीं जाणाऱ्या मालाच्या लांकडी खोक्यांसाठीं २००२ सालीं आंतरराष्ट्रीय नियम झाला: लाकडाचा मध्यभाग सलग ३० मिनिटें ५६ अंश सेंटिग्रेडवर राहिला पाहिजे. वरून लाकूड चटका देऊं लागलें, म्हणून आंतली अळी मेली असें नव्हे. जाड ठोकळा फार हळू तापतो. शिवाय लाख उष्णतेनें मऊ पडते. म्हणून ठोकळा आधीं भट्टींत तापवावा, मग कातावा, आणि लाख अगदीं शेवटीं चढवावी.