दार आणि बरगड्यांमधली वीतभर जागा

मोटार समोरून आदळली, तर पुढचा भाग चुरगळत धक्क्याची बरीच ऊर्जा पोटात घेतो. बाजूने धडक बसली, तर दार आणि प्रवाशाच्या बरगड्या यांमध्ये फार तर वीतभर जागा असते. ही साधी गोष्ट नियमांत उतरायला बराच काळ लागला.

अमेरिकेत १९७३ पासून दारांची चाचणी सक्तीची झाली. उभ्या गाडीच्या दारावर एक पोलादी नळकांडे हळूहळू दाबले जाई. त्यामुळे दारांत आडवे पोलादी दांडे आले. गाडी झाडावर वा खांबावर आदळली तर त्यांचा उपयोग होई; दुसरी मोटार येऊन धडकली तर फारसा नाही. दार किती जोर सोसते एवढेच ती चाचणी सांगे. आतल्या माणसाचे काय होते, हे तिने विचारलेच नव्हते!

१९९० साली तिथे नवा नियम आला आणि गाडीत मोजमापे घेणारा पुतळा बसला. युरोपात १९९८ पासून लागू झालेल्या पद्धतीत ९५० किलोग्रॅमची ढकलगाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने उभ्या मोटारीच्या कुशीत काटकोनात आदळवतात. पुतळ्याची बरगडी ४२ मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये. म्हणून दाराचे आतले अस्तरही महत्त्वाचे ठरते. हात टेकायची कडक कड पोटात घुसली, तर मजबूत दार असून काय उपयोग? विद्यार्थ्यांकडून गणित करून घ्यावे: वेग सेकंदाला १३.९ मीटर, गतिज ऊर्जा सुमारे ९२ हजार ज्यूल. एवढा वेग यायला वस्तू जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडावी लागते.

वाहनांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यात १९६६ पासून आहे. तरीही बाजूच्या धडकेचा भारतीय नियम, एआयएस-०९९, नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मोटारींना २०१९ पासून लागू झाला. म्हणजे युरोपानंतर जवळजवळ दोन दशकांनी. हा उशीर तांत्रिक अडचणीचा म्हणता येणार नाही, कारण पद्धत तयारच होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ‘भारत एनकॅप’ ही तारांकन योजना जाहीर केली. ती ऐच्छिक आहे. तीत खांबावर ताशी २९ किलोमीटर वेगाने आडवे आदळण्याची चाचणीही आहे. नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर आडवे रस्ते नाहीत. बाजूची धडक ही मुख्यतः शहरातल्या चौकांची आणि गावाच्या फाट्यांची. तिथे समोरून येणारा भरलेला ट्रक मात्र ९५० किलोग्रॅमचा नसतो.