कारब्युरेटरची गळती

तलासरी हे मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरील महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. अशा गावी मोटारसायकलीच्या कारब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागले, की स्वाराला स्वतःच्या हातांवरच विसंबावे लागे.

१८९३ च्या सुमारास जर्मन यंत्रज्ञ विल्हेल्म मायबाख ह्याने तरंगत्या पोकळ डबीने पेट्रोलची पातळी राखणारा कारब्युरेटर सिद्ध केला. डबी वर आली, की सुई पेट्रोलची वाट रोखते. सुईखाली कचरा अडकला किंवा डबीस छिद्र पडले, की गळती सुरू होते. म्हणून जाणता मनुष्य विस्तव दूर ठेवून, यंत्र निवल्यावर, पेट्रोलची चावी बंद करी; सुई पुशी; डबी कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळते काय, ते ऐके.

२०२० साली भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कारब्युरेटर बहुतांशी गेला. हवा निर्मळ होणे इष्टच. परंतु कानाने दोष ओळखण्याची ही घरगुती विद्या त्याबरोबरच मावळत आहे.