सिंहांच्या डोक्यावर काय होतं? आपल्या राजमुद्रेची गोष्ट

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज ऐकायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. खिशात एखादं नाणं आहे का बघा. सगळं यूपीआयवर चालतं, माहितीये, पण ड्रॉवरमध्ये, बाइकच्या डिकीत, आईच्या पर्समध्ये कुठेतरी एक सापडेलच. सापडलं? आता त्यावरचे सिंह बघा.

काही वर्षांपूर्वी मी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हाची गोष्ट. मॉक इंटरव्ह्यू होता. समोरच्या सरांनी विचारलं, "राजमुद्रेत सिंह किती?" मी छाती फुगवून म्हणालो, "सर, दिसतात तीन, पण आहेत चार. चौथा मागे आहे." सर हसले. म्हणाले, "हे सगळ्यांनाच पाठ असतं. आता सांगा, सिंहांच्या डोक्यावर काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही सर." ते म्हणाले, "आज काही नाही. पण पूर्वी होतं. आणि जे होतं, त्यातच सगळा अर्थ होता."

त्या दिवशी मला उत्तर आलं नाही. आजचा एपिसोड म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

मातीतून निघालेले सिंह

आपल्याला चला जायचंय वाराणसीजवळ, सारनाथला. गौतम बुद्धांनी पहिला उपदेश केला ती ही जागा. या उपदेशाला म्हणतात धर्मचक्रप्रवर्तन, म्हणजे धर्माचं चाक फिरवायला सुरुवात करणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०४-०५ च्या हिवाळ्यात इथे एफ. ओ. ओर्टेल नावाचे गृहस्थ उत्खनन करत होते. पेशाने ते सार्वजनिक बांधकाम खात्यातले इंजिनिअर. खोदताना त्यांना एका मोठ्या दगडी खांबाचे तुकडे सापडले आणि जवळच त्या खांबाचा माथा. जवळपास सात फूट उंच. चार सिंह, पाठीला पाठ लावून बसलेले. दगड चुनारचा, पण त्यावर अशी झिलई की बावीसशे वर्षांनंतरही हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत लागावा.

सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्सांग सारनाथला आला होता. आरशासारखा चकाकणारा एक उंच दगडी खांब पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलंय. पुढे सगळं पडलं, गाडलं गेलं, लोक विसरले. खांबाचा बुंधा आजही सारनाथला त्याच जागी उभा आहे आणि सिंह तिथल्याच म्युझियममध्ये आहेत. कधी काशीला गेलात तर रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता आहे, चुकवू नका.

वरून खाली वाचूया

आता हे शिल्प नीट बघू. सगळ्यात खाली एक उलटं कमळ, घंटेच्या आकाराचं. त्यावर एक गोल पट्टी. पट्टीवर चार प्राणी एकामागून एक चालताना कोरलेत: हत्ती, बैल, घोडा आणि सिंह. प्रत्येक दोघांच्या मध्ये एक चक्र, चोवीस आऱ्यांचं. आणि त्या पट्टीवर आपले चार सिंह.

या चार प्राण्यांचा अर्थ काय? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात, ही बुद्धांच्या आयुष्याची गोष्ट आहे. हत्ती म्हणजे मायादेवीला पडलेलं स्वप्न, घोडा म्हणजे घर सोडताना सोबत असलेला कंथक, सिंह म्हणजे स्वतः शाक्यसिंह. काही म्हणतात, हे चार दिशांचे राखणदार. वरच्या चार सिंहांबद्दल मात्र बहुतेकांचं म्हणणं जवळ येतं: सिंहाची गर्जना जशी लांबवर ऐकू जाते, तसा हा उपदेश चारी दिशांना पोचावा.

आणि आता सरांचा प्रश्न. सिंहांच्या डोक्यावर काय होतं?

ओर्टेल यांना तिथेच आणखी काही तुकडे मिळाले. एका मोठ्या दगडी चक्राचे. सिंहांच्या मधोमध वरच्या बाजूला एक खाच आहे. चक्राचा दांडा त्या खाचेत बसवलेला असणार, असं संशोधक मानतात. त्या चक्राला बत्तीस आरे असावेत असा अंदाज आहे.

म्हणजे मूळ शिल्पात सगळ्यात वर सिंह नव्हतेच. सगळ्यात वर चक्र होतं. सिंह ते चक्र पाठीवर तोलून बसले होते.

जरा थांबून विचार करा. सिंह म्हणजे ताकद, सत्ता, राजा. जगभर राजांना सिंह आवडतो. पण अशोकाच्या या खांबावर सिंहाचं काम होतं ओझं वाहण्याचं. सत्ता खाली, धर्म वर. इथे धर्म म्हणजे आपण आज फॉर्मवर रकाना भरतो तो नाही. नीती, न्याय, माणसाने माणसाशी कसं वागावं, तो धर्म. ते चक्र फुटलं आणि आपल्याला सापडले ते नुसते सिंह. चित्राचा अर्थच थोडा बदलला की नाही?

ढाल नसलेलं चिन्ह

हे वेगळेपण कळायला थोडं युरोपात डोकावू. तिथे बाराव्या शतकात सरदार लोक डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात असायचे. लढाईत आपला कोण, परका कोण, कळायचं नाही. म्हणून ढालीवर रंगीत चिन्हं काढायला लागले. पुढे ती चिन्हं घराण्याची झाली, बापाकडून मुलाकडे जायला लागली. आज युरोपातल्या अनेक देशांच्या चिन्हात मधोमध ढाल दिसते ती यामुळे.

ब्रिटिश राजचिन्हच घ्या. मधे ढाल, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा. खाली फ्रेंचमध्ये बोधवाक्य. त्याचा अर्थ: देव आणि माझा हक्क. म्हणजे राजा सांगतोय, मला हे राज्य देवाने दिलंय आणि तो माझा अधिकार आहे.

इंग्रज गेल्यावर प्रश्न आला, की आता आपलं चिन्ह काय? राजा नाही, घराणं नाही, ढाल कोणाची लावायची?

आधी झेंडा, मग मुद्रा

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. आधीच्या तिरंग्यावर चरखा होता. नेहरूंनी सभेत एक अगदी व्यवहारातली अडचण मांडली: चरखा एका बाजूने बरोबर दिसतो, दुसऱ्या बाजूने उलटा. झेंडा तर दोन्हीकडून बघतात! म्हणून चरख्याचं चाक ठेवलं आणि ते घेतलं सारनाथच्या त्या पट्टीवरून. चोवीस आऱ्यांचं चक्र ते हेच.

१९४९ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली एक रुपयाची नोट निघाली. इंग्लंडच्या राजाच्या जागी तिथे गांधीजींचं चित्र येईल असं वाटत होतं. पण शेवटी तिथे सारनाथचे सिंह आले. आणि २६ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताक झालो त्याच दिवशी, हे सिंह अधिकृत राजमुद्रा झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला नवी नाणी आली आणि राजाचा चेहरा नाण्यांवरूनही गेला.

संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांनी सजवली. त्यातली राजमुद्रा काढली दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याने. सिंह हुबेहूब यावेत म्हणून तो कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह बघत बसायचा, असं सांगतात.

पण मुद्रा म्हणजे शिल्पाची झेरॉक्स नाही, हं. खालचं उलटं कमळ गाळलं. सपाट चित्रात तीनच सिंह दिसतात. पट्टीवरचे हत्ती आणि सिंह मागे गेले. समोर उरलं मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. आणि एक गोष्ट नव्याने जोडली, जी सारनाथला कधीच नव्हती: देवनागरीत लिहिलेलं 'सत्यमेव जयते'. हे शब्द मुंडक उपनिषदातले.

म्हणजे बघा, शिल्प बौद्ध परंपरेतलं, शब्द उपनिषदातले. आणि ब्रिटिश चिन्हावर जिथे 'माझा हक्क' लिहिलं होतं, तिथे आपण लिहिलं 'सत्य'. फुटलेलं चक्र सिंहांच्या डोक्यावर परत आलं नाही. पण खाली दोन शब्द आले, आणि मला तरी वाटतं, ते तेच काम करतात. ते सिंहांना सांगतात: जिंकणार तुम्ही नाही, जिंकणार सत्य.

म्हणूनच 'सत्यमेव जयते' हा मुद्रेचाच भाग आहे. नुसते सिंह छापले तर राजमुद्रा पूर्ण होत नाही.

त्याच खांबावरचा हुकूम

आता एक कमी ऐकलेली गोष्ट. या सारनाथच्या खांबावर अशोकाचा लेख कोरलेला आहे. ब्राह्मी लिपीत. ही लिपी लोक पार विसरले होते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती वाचली.

काय लिहिलंय? संघात कोणी फूट पाडू नये. जो भिक्षू किंवा भिक्षुणी फूट पाडेल, त्याला पांढरे कपडे घालायला लावून बाहेर काढावं. आणि हा हुकूम अधिकाऱ्यांनी सगळीकडे पोचवावा.

ऐकायला कडक वाटतं ना? आहेच. खांबावर करुणेचं चक्र आणि खाली शिस्तीचा हुकूम. अशोक संत नव्हता, राजा होता. कलिंगात लाखभर माणसं मारली गेली आणि दीड लाख लोकांना तिथून हलवलं, हे त्याने स्वतःच्याच शिलालेखात सांगितलंय. आणि त्याचं दुःख वाटतं असंही. आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सगळेच राजे दगडावर कोरतात. आपल्या हातून झालेलं वाईट कोरणारा राजा विरळा.

याचा एक तुकडा तर आपल्या घराजवळ आहे. लोकलने विरारकडे जाताना नालासोपारा लागतं ना? तेच जुनं शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखात अशोक सांगतो, की आधीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायला जायचे. मी आता धम्मयात्रेला जातो, लोकांना भेटतो, वृद्धांना दान देतो. सत्ता कशासाठी, याचं हे त्याचं उत्तर.

आणि आपल्याकडे हा विचार नवा नाही. शिवाजी महाराजांची राजमुद्रा आठवा. शेवटी ती म्हणते, ही मुद्रा शोभते ती लोकांच्या कल्याणासाठी. महाराष्ट्र शासनाच्या बोधचिन्हावरचा मजकूरही त्याच मुद्रेच्या धर्तीवर बेतलेला आहे. मुद्रा कोणाची, हे सगळेच सांगतात. कशासाठी, हे सांगणाऱ्या मुद्रा थोड्या.

सिंहांचा चेहरा आणि आपलं काम

११ जुलै २०२२ ला नव्या संसदेवरच्या राजमुद्रेचं अनावरण झालं. ब्राँझची, साडेसहा मीटर उंच, साडेनऊ हजार किलोची. ती घडवणाऱ्यांमध्ये मराठी शिल्पकार सुनील देवरे होते. लगेच सोशल मीडियावर वाद पेटला: सारनाथचे सिंह शांत आहेत, हे चिडलेले दिसतात. दुसरी बाजू म्हणाली, एवढी मोठी मूर्ती खालून बघितल्यावर तशी दिसतेच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि याचिका फेटाळली गेली.

कोण बरोबर, हे मी सांगणार नाही. पण मला त्या वादातली एक गोष्ट आवडली. लाखो तरुणांनी पहिल्यांदाच सारनाथचा फोटो झूम करून बघितला. सिंहाचा चेहरा कसा असावा, यावर लोक भांडले. म्हणजेच सत्तेचा चेहरा कसा असावा, यावर भांडले. हे भांडण वाईट नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. २००५ चा कायदा आहे. राजमुद्रा कोणालाही वापरता येत नाही. गाडीच्या काचेवर, व्हिजिटिंग कार्डवर, स्वतःच्या संस्थेच्या लेटरहेडवर लावाल तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माजी आमदार-खासदारांनाही ती लेटरहेडवर लावता येत नाही. पद गेलं की सिंहही गेले. कारण ते सिंह त्या माणसाचे नव्हतेच.

यूपीएससी-एमपीएससी करणारे तुम्ही बरेच जण ऐकताय, माहितीये मला. एसपी साहेबांच्या खांद्यावर स्टारच्या वर हेच सिंह असतात. उद्या तुमच्याही खांद्यावर येवोत, मनापासून शुभेच्छा. फक्त त्या दिवशी आरशात बघताना एवढं आठवा, की या सिंहांच्या डोक्यावर एक चक्र होतं. दगडाचं होतं, फुटलं. आता ते दिसत नाही, म्हणून ते तोलून धरायचं काम संपलंय असं नाही.

सर, उत्तर द्यायला उशीर झाला. पण आलं एकदाचं.

नाणं सापडलं नसेल अजून, तर शोधा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!