कोल्डस्ट्रीम गार्ड्‌स

ब्रिटनच्या राजरक्षक पायदळातील एक प्रसिद्ध रेजिमेंट. ब्रिटिश नियमित भूसेनेत अखंडपणे सेवेत असलेली ही सर्वांत जुनी रेजिमेंट मानली जाते. राजाचे रक्षण करणाऱ्या या रेजिमेंटचा जन्म मात्र राजसत्ता उलथून टाकणाऱ्या सैन्यात झाला.

पहिल्या चार्ल्‌सचा शिरच्छेद झाल्यानंतर (१६४९) ऑलिव्हर क्रॉमवेलने स्कॉटलंडवरील मोहिमेसाठी जॉर्ज मंक (१६०८–७०) यास एक रेजिमेंट देण्याचे ठरविले. मंक पूर्वी राजपक्षाकडून लढताना नँट्‌विच येथे पकडला गेला होता (१६४४). म्हणून दोन रेजिमेंटांतील प्रत्येकी पाच कंपन्या काढून त्याच्यासाठी नवी रेजिमेंट उभारण्यात आली (१६५०). त्याच वर्षी ती डनबारच्या लढाईत उतरली.

क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर (१६५८) लष्कर व संसद यांच्यातील कलह विकोपास गेला. तेव्हा १ जानेवारी १६६० रोजी मंकने ट्‌वीड नदीकाठच्या कोल्डस्ट्रीम गावाहून लंडनकडे कूच केले. त्याच्या पाठबळाने दुसरा चार्ल्‌स सिंहासनावर आला. नव्या राजवटीत क्रॉमवेलकालीन सैन्य बरखास्त होत असता जानेवारी १६६१ मध्ये लंडनमध्ये बंड उद्‌भवले व या रेजिमेंटची गरज स्पष्ट झाली. १४ फेब्रुवारी १६६१ रोजी टॉवर हिलवर सैनिकांनी जुन्या सैन्याचे सैनिक म्हणून शस्त्रे खाली ठेवली आणि राजाचे सैनिक म्हणून तीच पुन्हा उचलली. मंकच्या मृत्यूनंतर रेजिमेंटला कोल्डस्ट्रीमचे नाव मिळाले.

राजाच्या परागंदा अनुयायांतून १६५६ मध्ये उभारलेल्या, पुढे ‘ग्रेनेडियर गार्ड्‌स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रेजिमेंटला ज्येष्ठत्वाचा मान मिळाला. वयाने मोठी असूनही राजसेवेत नंतर आल्यामुळे कोल्डस्ट्रीम गार्ड्‌सना दुसरा क्रम लाभला. ‘कोणाहूनही दुय्यम नाही’ या अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य या क्रमवारीला दिलेले उत्तरच होय. संचलनात ही रेजिमेंट आजही डाव्या टोकास उभी राहते.

वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) ऊगोमाँ येथील वाड्याच्या उत्तर दरवाजातून फ्रेंच सैनिक आत घुसले असता लेफ्टनंट कर्नल जेम्स मॅकडॉनेल व त्याच्या सहकाऱ्यांनी तो बंद करून ठाणे राखले. क्रिमियाचे युद्ध, दोन्ही महायुद्धे, आखाती युद्ध (१९९१) व अफगाणिस्तानातील मोहिमा यांतही रेजिमेंटने भाग घेतला. अस्वलाच्या कातड्याच्या टोपीवरील उजव्या बाजूचा तांबडा तुरा आणि दोन-दोनच्या जोड्यांत लावलेली गुंडीरचना ही तिची ओळख आहे. राजवाड्यावरील पहारा दिमाखाचा दिसत असला, तरी तेथील सैनिक लढाऊ पायदळाचेच असतात.